डिकॉक्शन उतरेपर्यंत

सर,

तुमच्या घरी कॉफी तयार झाली की मार थांबायचा. तुम्ही गेल्यापासून हे एकच वाक्य डोक्यात घोळतंय, म्हणून सुरुवात त्यानेच करतो. लोक तुमच्यावर लिहितील, तुमच्या नोकरीची वर्षं आणि तुम्ही घडवलेले इंजिनियर मोजतील. मला ते जमणार नाही. मला तुमच्याशी भांडायचं आहे, आणि ते जिवंतपणी झालं नाही.

अमरावतीच्या तुमच्या भाड्याच्या घरात सकाळी सहाला आम्ही पाच जण सतरंजीवर बसायचो. बारावीचं वर्ष होतं. तुम्ही फुकट फिजिक्स शिकवत होतात. आधी स्वयंपाकघरातून बिया दळल्याचा आवाज यायचा. ते हातयंत्र तुम्ही टेबलाच्या कडेला आवळून असं फिरवायचात की भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. मग पितळेचा दोन मजली फिल्टर आमच्यासमोर आणून ठेवायचात. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक छिद्रं, त्यात पावडर, पावडरीवर दांडीची चकती, आणि वरून नुकतं उकळून उतरवलेलं पाणी. झाकण लावलं की खालच्या भांड्यात थेंब थेंब डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, उतरायला लागायचं. तेवढ्यात तुम्ही मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचात. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, वेळ बघायला. दहा मिनिटांत कळलं की हात मोकळा करायला.

गणित चुकलं की सागाची पट्टी. तळहातावर नाही, बोटांच्या पेरांवर, आणि पट्टी आडवी नाही, धारेवर. कधी पट्टी सापडली नाही तर उलटा हात. "घर्षण काय असते ते समजून नाही राहिलं का तुले? हे पाह्य. हे घर्षण." तुमचे वडील रेल्वेत फिटर म्हणून तमिळ मुलखातून अकोल्याला आले आणि तिथलेच झाले. तुम्ही घरात पत्नीशी, आमच्या अम्मांशी, तमिळ बोलायचात आणि आमच्याशी आमच्यापेक्षा पक्की वऱ्हाडी. शिव्यासुद्धा वऱ्हाडीतच.

पंधरा-वीस मिनिटं हे चालायचं. मग तुम्ही झाकण उघडून बघायचात. डिकॉक्शन उतरलेलं असलं की घड्याळ परत मनगटावर, पट्टी कपाटावर. आवाजसुद्धा बदलायचा. दूध तापायचं. पेला आणि पसरट वाटी घेऊन हातभर उंचीवरून तुम्ही कॉफी खालीवर करायचात आणि फेसाचा तो पेला प्रत्येकाच्या हातात द्यायचात. सुजलेल्या बोटांना स्टीलचा गरम पेला धरवत नसे. "काठाले धर, चांदूर. पोटाले धरू नको, भाजते." मी चांदूर रेल्वेकडचा म्हणून तुम्ही मला चांदूर म्हणायचात. मारणारा माणूस आणि हे सांगणारा माणूस एकच आहे, हे सतराव्या वर्षी माझ्या डोक्यात बसत नव्हतं. आता मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. अजून बसत नाही.

एक गोष्ट मी विसरणार नाही, आणि तुमच्यावर कितीही चिडलो तरी ती खोडणार नाही. माझे वडील दुसऱ्यांच्या वावरात राबायचे. मला भेटायला ते एकदा गावाहून आले आणि तुमच्या दारात चपला काढून बाहेरच्या पायरीवर बसले. तुम्ही बाहेर जाऊन त्यांचा हात धरून त्यांना आत आणलंत, स्वतःच्या खुर्चीवर बसवलंत आणि आम्हाला देता त्याच पेल्यात त्यांना कॉफी दिलीत. आमच्या गावात काही घरांतून बाबांसाठी कप वेगळा ठेवलेला असायचा. बाबांनी पेला फिरवून बघितला. एक घोट घेतला. "कडू हाय, पन बरं हाय," म्हणाले. मग माझ्याकडे बोट करून, "मारा साहेब याले. पन शिकवा." तुम्ही हसून म्हणालात, "दोन्ही करून राहिलो." बाबाही हसले. मीही हसलो. आमच्या घरात पहिला पदवीधर झालो तो त्या सतरंजीवरून उठून, हे मी कुठेही सांगेन.

पण गजाननचं काय, सर?

मार डिकॉक्शनवर बांधलेला आहे हे एकदा कळल्यावर आम्ही पाचही जण त्या फिल्टरकडे देवाकडे बघावं तसं बघायचो. लवकर उतर रे. एका सकाळी तुम्ही अम्मांनी हाक मारली म्हणून आत गेलात आणि मी झाकण काढलं. चकतीची दांडी धरून खाली दाबली. जोरात. मला वाटलं, दाबलं की पाणी लवकर खाली जाईल, कॉफी लवकर होईल आणि आपण सुटू. पाणी गेलं खरं, भसकन गेलं. पावडर एका बाजूने फाटली आणि खाली उतरलं ते डिकॉक्शन नव्हतंच, मातकट पाणी होतं. आम्हा खेड्यातल्या पोरांना कॉफीतलं काय कळणार? आम्ही खूश.

तुम्ही एक घोट घेतलात. पेला खाली ठेवलात. घड्याळ पुन्हा काढलंत. कॉफी झाल्यावर घड्याळ निघाल्याची ती एकच वेळ.

"कोनं दाबलं?"

तुम्ही गजाननकडे बघितलंत, कारण तो फिल्टरच्या सगळ्यात जवळ बसला होता. "तू?" तो गप्प. उलट्या हाताची चपराक त्याच्या डाव्या कानावर बसली. तो भिंतीवर आपटला. मग दुसरी, त्याच कानावर. मग तुम्ही मोजणं सोडलंत. अम्मा दारात आल्या आणि तशाच आत गेल्या. सात-आठ वर्षांचा मुरली, तुमचा मुलगा, दाराच्या फटीतून बघत होता. गजाननच्या कानातून पिवळसर पाणी आलं, मग रक्त. तो दुसऱ्या दिवसापासून आला नाही. परीक्षेलाही बसला नाही. पुढे बडनेरा स्टेशनला ऑटो चालवायला लागला. त्या कानाने त्याला ऐकू येत नाही.

मी होतो, सर. दांडी मी दाबली होती. तुम्ही गेलात तरी तुम्हाला हे माहीत नाही.

मागच्या वर्षी तुमच्या पंचाहत्तरीचा सत्कार अमरावतीला झाला. आता मी स्वतः कनिष्ठ महाविद्यालयात तुमचाच विषय शिकवतो, म्हणून भाषण माझ्याकडे होतं. मी म्हणालो, "सरांच्या पट्टीने आम्ही घडलो. आजच्या मुलांच्या नशिबी तो मार नाही, हे त्यांचं दुर्दैव." काय टाळ्या पडल्या. तुम्ही डोळे पुसलेत. पहिल्या रांगेत मुरली बसला होता. त्याचे हात मांडीवर होते आणि तो त्या हातांकडे बघत होता. भाषण संपल्यावर तो मला न भेटता निघून गेला.

म्हणून यंदा थंडीत त्याने स्वतः फोन करून अकोल्याला बोलावलं तेव्हा मला बरं वाटलं. मुरली बंगळुरूला कॉफी भाजणाऱ्या एका छोट्या कारखान्यात आहे. चव घेणं हेच त्याचं काम. घरीच चाखण्याचा कार्यक्रम करू म्हणाला, अप्पांना, म्हणजे तुम्हाला, आवडेल. तुम्ही निवृत्तीनंतर वडिलांच्या घरी, अकोल्याच्या स्टेशनजवळ राहायला गेला होतात. मी पोचलो तेव्हा तुम्ही सकाळीच फिल्टर लावून मोकळे झाला होतात आणि शेजारचे वानखडे काका टोपी घालून तयार बसले होते, लग्नाला आल्यासारखे.

मुरलीने टेबलावर पाच पेले मांडले. खाली कागदावर एक ते पाच आकडे, आणि कॉफी कुठली ते कागदाच्या मागे. दूध नाही, साखर नाही. चमच्याने घ्यायची आणि आवाज करून ओढायची, म्हणजे चव सगळ्या तोंडात पसरते, असं त्याने दाखवलं.

"आमाले काय शिकवतं बे?" वानखडे काका म्हणाले. "आमी चहा बशीत जन्मभर असाच ओढला." आणि असे ओढले की अम्मासुद्धा आतून हसल्या.

तुम्ही खुशीत होतात. पहिला पेला, "बरा हाय." दुसरा, "आंबट." तिसऱ्याला डोळे मिटलेत. "याले म्हंतात कॉफी. कुठली हाय?" मुरली म्हणाला, "आपल्या चिखलदऱ्याची, अप्पा. मेळघाटातली." तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवलात. मी बघितलं, त्या हाताखाली मुरली आधी आकसला आणि मग हळूहळू सैल झाला. कदाचित सगळं नीट होईल असं मला तेवढा वेळ वाटलं.

चौथा पेला तुम्ही तोंडात घेतलात आणि चमचा टेबलावर आपटलात. "हे कोन्या गाढवानं केलं? गटाराचं पानी हाय हे."

वानखडे काकांनीच उत्साहाने कागद उलटून वाचला. "अप्पांची." आणि ते खो खो हसले. "सर, हे तं तुमचीच हाय."

मुरलीने सकाळच्या फिल्टरमधलं थोडं डिकॉक्शन न सांगता घेतलं होतं. त्याची चूक म्हणायची तर एवढी. तो लगेच म्हणाला, "अप्पा, हे दुधासाठी केलेलं असतं. चिकोरीच्या मुळाची कडू पूड असते त्यात. नुसतं पाण्यात घेतलं की कोणाचंही असंच लागतं. यात कमीपणा काही नाही." समजावून सांगत होता. आवाजात टोमणा नव्हता, सर. मी तिथे होतो.

तुम्ही टेबलावरच्या फिल्टरचं खालचं भांडं उचललंत आणि त्याच्या तोंडावर मारलंत.

पितळ जड असतं. भुवईच्या वर कातडी उघडली. उरलेलं डिकॉक्शन भिंतीवर, टेबलावर, वानखडे काकांच्या टोपीवर उडालं. मुरली खुर्चीसकट मागे गेला. तुम्ही पुन्हा हात उगारलात आणि तोही बसला, खांद्यावर. छत्तीस वर्षांचा धडधाकट माणूस. तुम्हाला एका हाताने अडवू शकला असता. त्याने फक्त डोकं दोन्ही हातांत लपवलं, जसं आठव्या वर्षी लपवत असेल. वानखडे काका केव्हाच दारातून बाहेर. अम्मा आतून स्वच्छ कापड आणि हळद घेऊन आल्या. कापड शोधायलाही त्यांना वेळ लागला नाही.

आणि मी? मी बसून होतो. खुर्चीवरून उठलोसुद्धा नाही. "सर, जाऊ द्या," एवढं म्हणालो. जणू तुमचंच काही दुखावलं होतं.

दवाखान्यात मी त्याला स्कूटरवर मागे बसवून नेलं. पाच टाके. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मुरली सहज म्हणाला, "कपाटाचं दार लागलं." बाहेर बाकावर बसल्यावर तो भुवईवरचं बँडेज चाचपत होता. मग म्हणाला, "दादा, अमरावतीला तू जे भाषण केलंस, ते खरं होतं का?"

"सरांनी मला घडवलं हे खरं आहे, मुरली."

"माराने?"

मी त्याला पाणी आणून देतो म्हणून उठलो.

दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. "चांदूर, पोट्ट्यानं मुद्दाम केलं न? माह्या घरात बसून माही इज्जत काढाले?" मला खरं बोलायचं होतं. मी म्हणालो, "हो सर, असेल." तुम्ही सुस्कारा सोडलात. "तूच एक समजून राहिला मले." हे तुमचं माझ्याशी झालेलं शेवटचं बोलणं. एवढ्या वर्षांच्या कृतज्ञतेपोटी मी तुम्हाला हे दिलं, एक खोटं.

त्याच आठवड्यात माझ्या वर्गात एक मुलगा मागच्या बाकावर हसला. कशाला हसला मला माहीत नाही. मी त्याच्यापर्यंत चालत गेलो आणि मारलं. उलट्या हाताने, कानाखाली. परत टेबलाशी आलो तर माझं घड्याळ टेबलावर होतं. ते मी कधी काढलं, हे मला आठवत नव्हतं. संध्याकाळी त्या मुलाच्या वडिलांना बोलावून माफी मागायला गेलो तर ते हात जोडून म्हणाले, "माफी कायची सर? मारा. घरी बी आयकत नाही तो." मुलगा शेजारी उभा होता. त्याला कोणी काही विचारलं नाही. मग मीच विचारलं, "कान दुखतो का रे?" तो बापाकडे बघून म्हणाला, "नाही सर." मी त्या रात्री जेवलो नाही. अकोल्याला येऊन तुम्हाला समोर बसवून सांगायचं ठरवलं. रविवार ठरवला होता. शनिवारी सकाळी मुरलीचा फोन आला, अप्पा गेले, झोपेतच.

मला राग आला, सर. रडू नंतर आलं. आधी राग आला की तुम्ही एवढे सुखाने गेलात.

तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी तुमच्या अंगणात शोकसभा ठेवली. शंभरेक माजी विद्यार्थी आले. तुमचा फोटो, हार, उदबत्ती. एक बँकेतला अधिकारी बोलला, सरांची पट्टी अजून पेरांवर जाणवते, म्हणूनच सही सरळ येते. लोक हसले, डोळे पुसले. दुसरा म्हणाला, मी सगळ्यात जास्त मार खाल्ला, म्हणून सगळ्यात पुढे गेलो. पुन्हा हसू. मुरली पुढे बसला होता, भुवईवरची खूण अजून लाल. मागे भिंतीशी गजानन उभा होता. बडनेऱ्याहून आला होता, ऑटोवाल्याचा खाकी शर्ट तसाच अंगात. तुमच्या शोकसभेला तो का आला हे मला कळेना.

माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो. मी म्हणालो, "सरांनी माझ्या बापाला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. मला फुकट शिकवलं. रात्र रात्र वह्या तपासल्या. मी त्याने शिकलो. त्यांनी मला मारलं, त्याने मी काही शिकलो नाही. त्याने मी खोटं बोलायला शिकलो. फिल्टर मी दाबला होता आणि मार गजाननने खाल्ला, त्याचा कान गेला. आणि पंचाहत्तरीला मी मार चांगला होता असं सांगितलं, तेही खोटं होतं. सर मला फार प्रिय होते. त्यांचं मारणं चूक होतं."

कोणीतरी मागून म्हणालं, "आजच्या दिवशी तरी कावून बे हे?" बँकेतले साहेब मान हलवत होते. कोणी टाळी वाजवली नाही. मी खाली बसलो तेव्हा मला वाटलं, मी पुन्हा तुमच्या घरी पाय ठेवू शकणार नाही.

लोक पांगल्यावर गजानन जवळ आला. मी उभा राहिलो. तो मारेल असं वाटलं, आणि त्याने मारावं असंही वाटलं.

"मले मालूम होतं," तो म्हणाला. "तुह्या बोटाले पावडर लागली होती."

"मग तेव्हाच सांगितलं कावून नाही?"

"सांगून काय भेटलं असतं? तुलेबी मारलं असतं, न मलेबी सोडलं नसतं." त्याने खांदे उडवले. "तसा मी लय दिवस तुले मारून टाकाच्या विचारात होतो. मंग लग्न झालं."

मला हसू आलं आणि त्याच श्वासात रडू. तो तसाच उभा राहिला, माझ्या खांद्यावर हात वगैरे न ठेवता. माफ केलं असं तो म्हणाला नाही. मी विचारलंही नाही.

तेवढ्यात अम्मांनी आम्हाला आत बोलावलं. मला, गजाननला, मुरलीला. आम्ही गेलो. मला वाटलं, त्या मला सुनावतील. नवऱ्याला जाऊन चौदा दिवस झालेल्या बाईच्या अंगणात मी हे बोललो होतो. मी वाकून म्हणालो, "अम्मा, माझं चुकलं असेल तर..."

"बस," त्या म्हणाल्या.

आम्ही बसलो. त्याही बसल्या, आमच्यासमोर, जमिनीवर नाही, खुर्चीवर. अकोल्याच्या बायकांकडून शिकलेल्या मराठीत त्या सावकाश म्हणाल्या, "तुमी सगळ्यांनी आपापलं सांगितलं. पट्टीचं सांगितलं. कानाचं सांगितलं. मुरलीचं तं दिसतेच. मले कोनी विचारलं नाही."

सर, मी तुमच्याकडे एकोणतीस वर्षं येतोय.

मुरलीने मान वर केली. अम्मांनी डाव्या हाताची बाही कोपराच्या वर सरकवली, तिथे हाड वाकडं जुळलेलं होतं, आणि बोलायला लागल्या. थोडा वेळ मराठीत. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासूनचं. मग मराठी पुरेना आणि त्या तमिळवर गेल्या. मुरली आधी आम्हाला सांगत होता, मग सांगेनासा झाला, मग भिंतीकडे तोंड करून बसला. अम्मांचा आवाज वाढला. एवढ्या वर्षांत तो आवाज आम्ही ऐकलेला नव्हता. शेजारी ऐकू जात असेल. वानखडे काकांच्या खिडकीत कोणी उभं असेल. त्यांनी खिडकीकडे बघितलं आणि आणखी मोठ्याने बोलल्या.

आम्हाला एक शब्द कळत नव्हता. गजानन उठला नाही. मीही उठलो नाही. दुपार कलली तरी त्या बोलत होत्या.